दुसऱ्या संगणकावर काम सुरू आहे

मार्चच्या पहिल्या सोमवारी स्वरदा शहरातल्या कॅनॉट भागातल्या तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या ऑफिसात बसून बिडकीनच्या एका शाळेच्या मैदानाचा नकाशा काढत होती. नकाशा गुरुवारी द्यायचा होता. मोजणी झाली होती, आकडे तयार होते, फक्त रेघा ओढायच्या बाकी होत्या. थंडीनंतर पहिल्यांदाच पंखा लावला होता आणि तो साचलेली धूळ टेबलावर पाडत कुरकुरत होता.

अकराच्या सुमारास स्क्रीनच्या मधोमध एक पांढरी चौकट उमटली. इंग्रजीत दोन ओळी होत्या. अर्थ एवढाच, की हे लायसन्स सध्या दुसऱ्या संगणकावर वापरात आहे. इथे काम चालू ठेवल्यास तिथलं काम बंद होईल. खाली दोन बटणं होती. ‘इथे चालू ठेवा’ आणि ‘थांबा’.

स्वरदाकडे संगणक एकच होता. नकाशे काढायचं ते सॉफ्टवेअर ती दरवर्षी रीतसर विकत घ्यायची, एका माणसापुरतं. तिनं ‘इथे चालू ठेवा’ दाबलं आणि पुढची रेघ धरली.

वीस मिनिटांनी चौकट परत आली. मग पुन्हा. दुपारी डबा उघडेपर्यंत अकरा वेळा झालं होतं. नेमकी रेघ अर्ध्यावर आली की ती उगवायची आणि हातातला कोपरा निसटायचा. दुसऱ्या कुणी संगणक बंद करून चालू केला असता आणि गप्प बसला असता. पण स्वरदाची आई तिला लहानपणापासून घोरपड म्हणायची. एकदा धरलं की सुटायचं नाही. तिनं डबा बाजूला सारला आणि कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला.

सोनिया नावाच्या मुलीनं उचलला. सगळं ऐकून घेतलं, दोन मिनिटं थांबायला सांगितलं.

“मॅडम, तुमच्या लायसन्सवर आमच्याकडं दोन संगणक दिसतायत. एक तुमचा ऑफिसचा. आणि दुसऱ्याचं नाव... बी, ए, डी, आर, आय. बद्री. तुमच्याकडं कुणी बद्री आहेत का?”

सोनियाला वाटलं फोन कटला. ती दोनदा हॅलो म्हणाली.

बद्री म्हणजे बद्रीनाथ. स्वरदाचा भागीदार. ती नुकती इंजिनिअर होऊन आली, तेव्हा शेतात उभं कसं राहायचं इथपासून त्यानंच तिला शिकवलं होतं. तो दहा वर्षांनी मोठा, करमाडकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. तिला पहिल्या दिवसापासून ‘मॅडम’ म्हणायचा आणि ती त्याला बद्रीभाऊ. दोन वर्षांपूर्वी, गहू काढणीच्या दिवसांत, तो करमाड आणि शेंद्र्याच्या मधल्या एका सपाट रानात मोजणीला गेला. बरोबर सांडूमामा होते, काठी धरायला. या कामात दोन माणसं लागतातच. एक तिपाईवर यंत्र लावून भिंगातून बघतो, दुसरा लांबवर आरसा बसवलेली काठी घेऊन उभा राहतो. यंत्राचा किरण त्या आरशावर आपटून परत येतो तेव्हा अंतर कळतं. त्या दिवशी दुपारी साडेबाराला सांडूमामांनी लांबून पाहिलं तर तिपाई उभी होती, वर यंत्र होतं, बांधावर मोटारसायकल होती. बद्रीनाथ नव्हता. हेच सॉफ्टवेअर असलेल्या त्याच्या लॅपटॉपची बॅग नव्हती आणि मोजलेल्या जागी ठोकायच्या खुंट्यांची पिशवी नव्हती. लपायला एक झुडूप नाही असं ते रान. पोलिसांनी चार विहिरी उपसल्या. काही सापडलं नाही.

त्या दुपारी स्वरदा पोलिस ठाण्यात गेली; हवालदारांनी सगळं ऐकून मान हलवली. “मॅडम, लॅपटॉप कुणीतरी ढापला असंल. इतके दिवस दाबून ठेवला, आता विकला. घेणारा वापरतोय.”

स्वरदालाही तेच पटलं. पटलं म्हणून बरंही वाटलं. ज्याच्या हातात लॅपटॉप आहे, त्याला कुणी दिला हे विचारता येईल. तिनं सोनियाला परत फोन केला आणि तो संगणक कुठून चालतोय ते विचारलं.

“तीच गंमत आहे मॅडम,” सोनिया म्हणाली. तिचा आवाज कागद वाचल्यासारखा राहिला नव्हता. “पत्त्याची जागा रिकामी येतेय. म्हणजे तो इंटरनेटला जोडलेलाच नाही. असं होत नाही खरं तर. मी वर कळवते.”

मंगळवारी चौकट आली तेव्हा स्वरदानं पहिल्यांदाच दुसरं बटण दाबलं. थांबा. चोराला काम करू द्यावं आणि तो काय करतो ते बघावं, असा तिचा हिशेब होता.

संध्याकाळी तिच्या आणि बद्रीनाथच्या जुन्या सामाईक फोल्डरमध्ये एक नवा नकाशा आला. तिनं उघडला. पांढऱ्या पानावर एकच मोडती रेघ होती, सात टप्प्यांची. प्रत्येक टप्प्याला ब-१, ब-२ असे आकडे, शेजारी अंतर आणि एखादा शब्द. ‘बांध’. ‘पाट’. ‘बाभळ’.

सगळे सर्व्हेअर बाभूळ लिहितात. बद्रीनाथ बाभळ लिहायचा.

ब-१चे आकडे तिला पाठ होते. पंचनाम्यासाठी तिनंच ते काढून दिले होते. बद्रीनाथची तिपाई जिथं उभी होती, तीच ती जागा.

बुधवारी सकाळी ती सांडूमामांना घेऊन रानात गेली. सांडूमामा साठीचे, बुटके, डोक्याला कायम पांढरा रुमाल. त्या दिवसापासून त्यांनी काठी धरणं सोडलं होतं, पण स्वरदानं बोलावलं की नाही म्हणत नसत. रानात हरभरा काढून झाला होता. ढेकळांतून चालत दोघं सातव्या टप्प्याच्या जागी पोचले. स्वरदानं हातातल्या जीपीएसवर बघितलं, दोन पावलं डावीकडे सरली आणि खाली वाकली.

जमिनीत एक खुंटी ठोकलेली होती. डोक्यावर खिळा, भोवती लाल रंग.

सांडूमामांनी ती उपटली नाही. उकिडवे बसून बोटानं चाचपली.

“आपलीच हाय मॅडम. बाभळीची. मीच तासली. माझी कुऱ्हाड अशी तिरपीच पडती.”

“म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या पिशवीतली?”

“व्हय.” त्यांनी बोट नाकाशी नेलं, मग तिच्यापुढं धरलं. बोटाला ओलसर, चिकट काहीतरी लागलं होतं. “पण हिचा चीक वाळला नाय अजून. सकाळी तोडल्यावानी हाय.”

दोघं मागं फिरले तेव्हा बाकीच्या सहा खुंट्याही सापडल्या. ढेकळांत पायाची खूण मात्र त्यांच्या दोघांचीच होती.

त्या दिवशी स्वरदानं एक गोष्ट ठरवली. जे काही आहे, ते समजल्याशिवाय सोडायचं नाही. लॅपटॉप कुणाकडं आहे हा प्रश्न तिनं बाजूला ठेवला. रेघ कुठं चालली आहे, हा प्रश्न धरला. त्याला निदान आकडे होते.

रेघ रोज वाढत होती. सकाळी नऊला सुरू व्हायची, एक ते दोन थांबायची, बद्रीनाथ जेवायला थांबायचा तशी, आणि साडेपाचला संपायची. दिवसाला दहा-बारा टप्पे. शेतातून निघून ती जालना रोडला लागली आणि शहराकडे वळली. ‘पूल’. ‘पेरूवाले’. ‘कंपनीचं गेट’. शेंद्रा मागं पडलं. स्वरदा रोज सकाळी स्कूटरवर जाऊन आदल्या दिवशीच्या खुंट्या बघून यायची. डांबराच्या कडेला, दुभाजकातल्या कण्हेरीच्या बुडाशी, एका टपरीच्या पायरीलगत. सगळ्या जागच्या जागी. टपरीवाला म्हणाला, इथं दिवसभर मीच बसतो, कुणी आलं नाय.

शुक्रवारी चौकटीनं रंग बदलला. आता ती लाल होती. एका लायसन्सवर दोन संगणक चालू असल्याचं आढळलं आहे. चौदा दिवसांत एक काढून टाका, नाहीतर दोन्हीकडचं काम बंद पडेल. ती दर वीस मिनिटांनी यायची, बंद केली की कोपऱ्यात घड्याळ सोडून जायची. तेरा दिवस तेवीस तास. तेरा दिवस बावीस तास.

स्वरदानं आधी करुणावहिनींकडं जायचं ठरवलं. बद्रीनाथची बायको मुकुंदवाडीत राहायची, पुढं ओसरी आणि मागं दोन खोल्या असलेल्या घरात. लेक पुण्याला शिकायला होती. करुणावहिनी शिवणकाम करायच्या. दोन वर्षांत त्यांनी मंगळसूत्र काढलं नव्हतं आणि कुणाकडं रडल्याही नव्हत्या. स्वरदानं सगळं सांगितलं, काही न लपवता, काही न रंगवता. लॅपटॉप, रेघ, खुंट्या. वहिनींनी मशीनवरचा पाय काढला.

“रेघ कुठवर आली?”

“शेंद्र्याच्या अलीकडं. कुंभेफळच्या फाट्याला.”

“म्हंजी घराकडंच येतायत.”

“वहिनी, ते बद्रीभाऊच आहेत असं मी म्हणत नाहीये. मला काहीच माहीत नाही.”

“मला माहीत हाय ना,” करुणावहिनी म्हणाल्या. “तुम्ही फक्त त्यांचं काम बंद पाडू नका, ताई. एवढंच करा माझ्यासाठी.”

स्वरदा ऑफिसात परतली, सोनियाला फोन लावला आणि म्हणाली, “दोनांपैकी एक संगणक काढायचाय. माझा काढा.”

“मॅडम, तुमचा? दुसरा काढायचा ना?”

“माझा.”

सोनियानं तीनदा खात्री करून घेतली. त्यानंतर स्वरदाचा संगणक फक्त बघण्यापुरता उरला. नकाशे उघडायचे, पण एक टिंबही काढता येत नव्हतं. लाल चौकट गेली. तिच्या जागी करडी आली. तुम्ही फक्त पाहू शकता. लायसन्स परत इथे घ्यायचं असल्यास खाली दाबा; दुसऱ्या संगणकावरचं काम तत्काळ बंद होईल. तिचंही वीस मिनिटांचं वेळापत्रक होतं. शाळेचा गुरुवार हुकलाच होता; आणखी आठवड्याची मुदत मागून घेऊन स्वरदानं माळ्यावरून कॉलेजचा ड्रॉइंग बोर्ड काढला, पुसला, आणि मैदानाचा नकाशा हातानं काढायला बसली. शेजारी स्क्रीनवर रेघ पुढं पुढं येत होती. करडी चौकट आली की ती डावा हात लांब करून ती मिटवायची आणि उजव्या हातातली पेन्सिल उचलतही नसे.

पुढच्या बुधवारी तिनं रेघेच्या पुढं जाऊन उभं राहायचं ठरवलं. कामाची गती तिला ठाऊक होती, दिशा ठाऊक होती. साडेनऊच्या सुमारास रेघ चिकलठाण्यात पेट्रोल पंपाच्या पुढच्या कडुलिंबाखाली येणार होती. ती आठलाच तिथं पोचली. दुपारी दोनपर्यंत उभी राहिली. रिक्षा गेल्या, कंपन्यांच्या बस गेल्या, एक बाई शेळ्या घेऊन गेली. तिपाई नाही, काठी नाही, माणूस नाही. उन्हानं डोकं दुखायला लागलं तेव्हा ती वैतागून ऑफिसात आली.

त्या दिवसाचे टप्पे नकाशात आले होते. ब-८१च्या पुढं लिहिलं होतं: ‘लिंब. मॅडम मधे उभ्या. दोन हात बाजूनं घेतलं.’

संध्याकाळी ती परत गेली. ती जिथं सहा तास उभी होती, त्याच्या मागं दोन हातांवर खुंटी होती. डोक्याचा लाल रंग ओला होता.

ती लिंबाखाली बसली. भीती वाटली हे खरं. पण त्याहून जास्त, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिला रडू आलं. ‘मॅडम’ असं या जगात तिला बाकीचेही म्हणत. पण असं वाटेतून बाजूला न सारता वळसा घालून जाणारा तो एकटाच होता.

शनिवारी रेघ विमानतळाच्या भिंतीलगत आली. रविवारी बद्रीनाथला सुट्टी असायची, तशी ती थांबली. सोमवारी मुकुंदवाडीच्या चौकातून आत वळली. करुणावहिनींनी ओसरी सारवल्यासारखी धुऊन काढली. स्वरदाला फोनवर म्हणाल्या, “मी पुरणाचं घातलंय. उद्या पोचतील ना?”

“हिशेबानं दुपारी बाराच्या आसपास.”

“मी दारातच बसते.”

मंगळवारी सकाळी सांडूमामा स्वतःहून ऑफिसात आले. त्यांना घरी चैन पडत नव्हतं. स्वरदानं त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि दोघं स्क्रीनकडे बघत बसले. रेघ गल्लीत शिरली. ब-११९, ‘दुकान’. ब-१२०, ‘डीपी’. ब-१२१. टप्पे आता आखूड होते, वीस-बावीस मीटरांचे. गल्लीत लांबचं दिसत नाही.

“लई नीट काम,” सांडूमामा हळूच म्हणाले. “त्यांचंच.”

स्वरदाही तेच बघत होती. प्रत्येक टप्प्याचं अंतर मिलिमीटरपर्यंत लिहिलेलं. इतकं नेमकं अंतर आरशाशिवाय येत नाही.

तिचा हात माउसवर थांबला.

“मामा,” ती म्हणाली, “काठी कुणी धरलीय?”

सांडूमामांनी स्क्रीनवरून नजर तिच्याकडं वळवली.

“यंत्र मागं असतं. काठीवाला पुढं. तो जिथं उभा राहतो, तिथं नंतर यंत्र येतं. बद्रीभाऊ यंत्रावर असतील तर त्यांच्या पुढं कुणीतरी चालतंय. रानापासून इथपर्यंत. कोण?”

तिनं फोल्डर खाली सरकवलं. बद्रीनाथची सवय होती. रोजच्या कामाचं एक पहिलं पान असायचं, त्यावर तारीख, हवा आणि काठीवाल्याचं नाव. ती इतके दिवस फक्त रेघ बघत आली होती. पानं तिनं उघडलीच नव्हती. तिनं पहिल्या दिवसाचं पान उघडलं. ‘काठी: सांडू’ असं लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली. खाली लिहिलेलं: ‘काठी: तो’.

दुसऱ्या दिवशीचं पान. ‘काठी: तो’.

तिसऱ्या. चौथ्या. आजचं.

सांडूमामांनी डोक्याचा रुमाल काढून हातात धरला होता.

“मी पोलिसांला एक सांगितलं नाय, मॅडम. हसले असते. त्या दिवशी मी काठी घेऊन उगवतीला उभा. बद्रीभाऊंनी यंत्र मावळतीला फिरवलं. माझ्याकडं पाठ. मला वाटलं चुकलं. हाक मारणार, तर ते हात करायला लागले. असा... जरा डावीकडं... अजून... बास. समोर रिकामं रान, मॅडम. कुणीच नाय. पण ते हात असा करत होते, की समोरचा ऐकत होता.” त्यांनी रुमाल खांद्यावर टाकला. “मंग ते यंत्र सोडून तिकडंच चालत गेले. मी खाली बघितलं, वर बघितलं, तवर...”

स्क्रीनवर ब-१२४ आला. ‘नळ’. पुढं अंतर भरलं जात होतं.

करुणावहिनींच्या दारापासून सार्वजनिक नळ अकरा मीटरांवर होता.

स्वरदानं फोन लावला. तो दुसऱ्या रिंगला उचलला गेला.

“वहिनी, दाराशी कोण आहे?”

“ते नाय आले अजून.” करुणावहिनींचा आवाज शांत होता, सणाच्या दिवशी असतो तसा. “पण त्यांचा माणूस आलाय. पुढं पाठवला म्हणे.”

“कोण माणूस?”

“काठीवाला.”

सांडूमामा स्वरदाच्या समोर बसले होते. चहाचा कप त्यांच्या हातात तसाच होता.

“वहिनी, त्याला आत घेऊ नका. ऐकताय? मी येतेय.”

“असं कसं ताई, उन्हातान्हाचा आलाय.” आणि फोन ठेवला गेला.

करडी चौकट आली. वेळ झाली होती तिची. तुम्ही फक्त पाहू शकता. लायसन्स परत इथे घ्यायचं असल्यास खाली दाबा.

स्वरदानं या वेळी ती मिटवली नाही.

अकरा मीटर. दोन वर्षांनी तो माणूस आपल्या दारापासून अकरा मीटरांवर उभा होता, आणि भिंगाला डोळा लावून शेवटचं अंतर घेत होता. बायको पुरणाचं करून वाट बघत होती. काम बंद पाडू नका, एवढंच तिनं मागितलं होतं.

पण रेघ पुरी झाली की जिथं काठी आहे, तिथं तो जाणार होता. इतके दिवस तो तेच करत होता. काठी पुढं, तो मागं. तो घरी येत नव्हता. त्याला आणलं जात होतं.

“दाबू का?” तिनं विचारलं.

सांडूमामांनी कप खाली ठेवला.

तिनं दाबलं.

रेघ नळापाशी थांबली. शेवटचा अर्धवट आकडा पुसला गेला. हिरवी चौकट उमटली: तुमचं लायसन्स इथे सुरू झालं आहे. धन्यवाद.

स्कूटरवर दोघं मुकुंदवाडीत पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. सांडूमामा गल्लीच्या तोंडाशीच उतरले. “मी हितंच थांबतो,” म्हणाले. स्वरदानं त्यांना आग्रह केला नाही.

नळापाशी कुणी नव्हतं. तिथं खुंटी मात्र होती, लाल डोक्याची, आणि तिच्याभोवती ओल्या मातीत तिपाईच्या तीन पायांची तीन भोकं. भोकांत पाणी भरत होतं. म्हणजे पाय नुकतेच निघाले होते. स्वरदानं तिथं क्षणभर हात टेकवला. मग उठली.

करुणावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. समोर पाण्याचा तांब्या आणि दोन पेले. नवी साडी, केसात अबोली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गल्लीकडे.

“अजून आले नाहीत,” त्या म्हणाल्या. “बाराचं म्हणाला होतात.”

स्वरदाला त्यांच्या डोळ्यांत बघता आलं नाही. “वहिनी, काम मी थांबवलं. मीच. तुम्ही मला काय बोलायचं ते नंतर बोला. तो माणूस कुठं आहे? गेला?”

“जातो कशाला? मालक आल्याबिगर जायचा नाय म्हणतो.” त्यांनी हनुवटीनं घराकडे खूण केली. “आत बसलाय.”

स्वरदानं चपला काढल्या.

ओसरीची फरशी शहाबादी होती, वीस वर्षांची, पायांनी गुळगुळीत झालेली. उंबऱ्यापाशी तिला फरशीत एक बारीक भोक दिसलं. मोजणीच्या काठीला खाली टोक असतं, मातीत रुतायला. तेवढंच गोल, तेवढंच खोल, कडा कुठंही न तडकता दगडात गेलेलं. एका पावलावर दुसरं. मग तिसरं. ती भोकं आत जात होती. बाहेर येणारं एकही नव्हतं.

स्वरदा भोकांच्या मागानं गेली. पहिली खोली. शिवणयंत्र, कापडांच्या घड्या. दुसरी खोली. खिडकीला निळा पडदा, खाली लोखंडी पलंग, पलंगासमोर पाट आणि वाढलेलं ताट. ताटाला हात लागलेला नव्हता. शेवटचं भोक पलंगाच्या कडेला होतं.

खोली रिकामी होती.

तिनं पलंगाखाली पाहिलं. पडदा सारला. मागच्या भिंतीला दार नव्हतं. सगळं नीट तपासून झाल्यावर ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. मोहरीची फोडणी, अबोली, आणि त्यामागं उन्हात तापलेल्या ढेकळांचा वास.

करुणावहिनी दारात येऊन उभ्या होत्या.

“बोला की,” त्या म्हणाल्या. “जरा मोठ्यानं बोला. त्याला कमी ऐकू येतं.”

स्वरदानं पाय फरशीवर घट्ट रोवले आणि पलंगाकडे तोंड करून, शेतात हाक मारतात तेवढ्या मोठ्यानं विचारलं, “बद्रीभाऊ कुठं आहेत?”

काही ऐकू आलं नाही. पडदा हलला नाही.

करुणावहिनी मात्र मान एका बाजूला कलती करून ऐकत राहिल्या. बराच वेळ. कुणी सावकाश रस्ता समजावून सांगावा आणि आपण तो ध्यानात ठेवावा, तशा. मधे एकदा त्यांनी स्वरदाकडे पाहिलं, पायापासून डोक्यापर्यंत, उंचीचा अंदाज घेतल्यासारखं.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या बदल्यात ताई चालतील.”

मग त्या वळल्या, ओसरीत गेल्या, आणि पुढच्या दाराला आतून कडी घातली.